प्रकाशाच्या चिमट्याने जिवंत पेशीचे यांत्रिक गुणधर्म कसे मोजावेत

जिवंत पेशी मऊ असते हे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला लगेच दिसते. परंतु ती किती मऊ आहे, तिच्या पटलावर किती ताण आहे आणि ओढून सोडल्यावर ती किती वेळात पूर्ववत होते, हे नुसते पाहून कळत नाही. ते मोजावे लागते. येथील बले फार लहान असतात. पेशीच्या आत सामान वाहून नेणारे कायनेसिन हे एक प्रथिन साधारण ५ ते ७ पिकोन्यूटनच्या विरोधात थांबते, आणि एक पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. इतके अल्प बल पेशीत काहीही न खुपसता लावण्याचे आणि मोजण्याचे काम प्रकाश करू शकतो, कारण प्रकाशाजवळ संवेग असतो आणि पारदर्शक मण्यातून वळताना तो त्या संवेगाचा काही भाग मण्याला देतो.

आर्थर ॲश्किन यांनी १९७० साली लेसरच्या दाबाने सूक्ष्म कण ढकलून व पकडून दाखवले आणि १९८६ साली सहकाऱ्यांसह एकाच एकवटलेल्या किरणाने कण धरून ठेवणारा सापळा, म्हणजेच प्रकाशाचा चिमटा, तयार केला. त्यापुढची पायरी जीवशास्त्रासाठी निर्णायक होती. हिरव्या लेसरने पकडलेले जिवाणू लवकर मरत, म्हणून १९८७ साली त्यांनी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरला, आणि त्या सापळ्यात पेशी जिवंत राहून विभाजितही झाल्या. या कामासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. आजही पेशींवरील बहुतेक प्रयोग याच तरंगलांबीच्या आसपास होतात.

आधी प्रश्न, मग साधन

साधन हाताशी आहे म्हणून प्रयोग आखला, तर मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. त्यामुळे आपल्याला नेमके काय मोजायचे आहे हे प्रथम एका वाक्यात लिहावे. पटलाचा ताण किंवा एका जागेची ताठरता हवी असेल, तर प्रकाशाचा चिमटा योग्य ठरतो. पेशी ज्या पृष्ठभागावर चिकटली आहे त्याला ती किती जोराने ओढते हे हवे असेल, तर ज्ञात ताठरतेच्या मऊ जेलमध्ये चमकणारे मणी रुजवून त्यांचे सरकणे मोजणारी कर्षणबल सूक्ष्मदर्शकी वापरावी. एखाद्या विशिष्ट प्रथिनावर येणारा ताण हवा असेल, तर ताणानुसार चमक बदलणारे संवेदक त्या प्रथिनातच बसवावे लागतात. व्हिन्क्युलिन या प्रथिनासाठी २०१० साली असा संवेदक प्रसिद्ध झाला. शेकडो तरंगत्या पेशी एकामागून एक तपासायच्या असतील, तर समोरासमोरच्या दोन किरणांमध्ये पेशी ताणणारा प्रकाशीय ताणक अधिक सोयीचा असतो.

ब्रिल्वँ सूक्ष्मदर्शकीबद्दल, म्हणजे पेशीतील ध्वनिलहरींवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतील बदल मोजणाऱ्या तंत्राबद्दल, थोडा इशारा द्यायला हवा. पेशीला स्पर्श न करता तिच्या आतील यांत्रिक गुणांचा नकाशा मिळतो, हे त्या तंत्राचे आकर्षण खरे आहे. पण त्यातून मिळणारे मापांक (ताठरतेची मापे) गिगापास्कलमध्ये असतात, तर पेशी दाबून मिळणारी ताठरता बहुधा शेकडो ते हजारो पास्कल असते. ही दोन मापे वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. पहिल्यावर पेशीतील पाण्याच्या प्रमाणाचा मोठा प्रभाव असतो, म्हणून दोन्ही एकाच आलेखावर तुलनेसाठी मांडणे चूक ठरते.

पुढील मार्गदर्शन प्रकाशाच्या चिमट्यापुरते आहे.

मांडणी

लेसरचा किरण इतका रुंद करावा की तो वस्तुभिंगाचे (नमुन्याजवळच्या भिंगाचे) मागील छिद्र पूर्ण भरेल किंवा किंचित ओसंडेल. कडेच्या किरणांमुळेच मणी अक्षाच्या दिशेने स्थिर राहतो, म्हणून अरुंद किरण घेतल्यास मणी बाजूंनी पकडला गेला तरी पुढे निसटतो. वस्तुभिंगाचे संख्यात्मक छिद्र, म्हणजे ते किती रुंद कोनातून किरण एकवटते याचे माप, १.२ किंवा त्याहून अधिक असावे. तेलात बुडणारे भिंग काचेजवळ उत्तम काम देते. परंतु काचेपासून काही मायक्रोमीटर आत गेले की गोलीय विपथनामुळे (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न आल्यामुळे) सापळा कमकुवत होत जातो. तरंगत्या पेशींसाठी किंवा जाड नमुन्यासाठी म्हणूनच पाण्यात बुडणारे भिंग घ्यावे, त्याचे संख्यात्मक छिद्र थोडे कमी असले तरी चालेल.

मण्याचा अपवर्तनांक पाण्याच्या १.३३ पेक्षा जास्त हवा. सिलिकाचा सुमारे १.४५ आणि पॉलिस्टायरीनचा सुमारे १.५८ असतो. पॉलिस्टायरीनचा मणी अधिक घट्ट धरला जातो, पण अपवर्तनांक जास्त असल्याने प्रकाश परावर्तित होऊन त्याला पुढेही अधिक ढकलतो. पेशीवरील कामाला १ ते ४ मायक्रोमीटर व्यासाचे मणी सोयीचे पडतात.

किती बल मिळेल याचा अंदाज आधीच काढता येतो. प्रकाशाची शक्ती माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणून प्रकाशाच्या वेगाने भागली, की दर सेकंदाला उपलब्ध असलेला संवेग मिळतो. नमुन्यापाशी १०० मिलिवॅट शक्ती असेल, तर हा आकडा सुमारे ४४० पिकोन्यूटन येतो. सापळा त्याचा साधारण दहावा भाग वापरतो असे धरल्यास सुमारे ४० पिकोन्यूटनपर्यंतचे बल हाती राहते. येथे शक्ती म्हणजे भिंगातून बाहेर पडल्यानंतरची शक्ती. लेसरच्या डब्यावर लिहिलेली नव्हे. अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग भिंगातच अडू शकतो, म्हणून भिंगाची त्या तरंगलांबीची पारगम्यता मोजून ठेवावी.

सुरक्षेबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक आहे. त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला चष्मा घालावा, मार्ग जुळवताना शक्ती किमान ठेवावी, किरण शोधण्यासाठी अवरक्त-दर्शक कार्ड वापरावे आणि लेसर चालू असताना नेत्रभिंगातून कधीही पाहू नये. कॅमेऱ्यापुढे योग्य गाळणी आहे याची रोज खात्री करावी.

अंशांकन: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

प्रकाशाचा चिमटा बल थेट मोजत नाही. तो मण्याचे केंद्रापासूनचे सरकणे दाखवतो, आणि आपण त्याला सापळ्याच्या ताठरतेने गुणून बल ठरवतो. ताठरतेचा आकडा चुकला, तर पुढचा प्रत्येक निष्कर्ष तेवढ्याच प्रमाणात चुकतो, आणि आलेखाकडे पाहून ती चूक कधीच लक्षात येत नाही. एकदा काढलेली ताठरता महिनाभर वापरण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, ती सोडावी. अंशांकन, म्हणजे हा आकडा ठरवण्याचे काम, त्याच दिवशी, त्याच मण्यावर, त्याच उंचीवर आणि त्याच तापमानाला करावे.

सर्वांत सोपी पद्धत ऊर्जेच्या समविभाजनावर, म्हणजे उष्णतेमुळे मण्याच्या हालचालीला ठरावीक सरासरी ऊर्जा मिळते या नियमावर, आधारलेली आहे. सापळ्यातील मणी पाण्याच्या रेणूंच्या धडकांनी सतत थरथरतो. सापळा जितका ताठर, तितकी थरथर कमी. बोल्ट्झमन स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराला मण्याच्या विचलनाच्या वर्गाच्या सरासरीने भागले, की ताठरता मिळते. खोलीच्या तापमानाला तो गुणाकार सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर असतो. म्हणजे ताठरता दर नॅनोमीटरला ०.०५ पिकोन्यूटन असेल, तर विचलनाच्या वर्गाची सरासरी ८२ चौरस नॅनोमीटर येईल आणि मणी साधारण ९ नॅनोमीटर इतका हलेल.

९ नॅनोमीटर हे अंतर लहान आहे, आणि या पद्धतीतील दोन्ही प्रमुख चुका त्यातूनच निघतात. टेबलाचे कंपन, लेसरचे भटकणे आणि विद्युत गोंगाट मण्याच्या थरथरीत मिसळतात; त्यामुळे विचलन खऱ्यापेक्षा मोठे दिसते आणि ताठरता कमी येते. याउलट कॅमेरा संथ असेल, तर एका चित्राच्या अवधीत मणी अनेकदा इकडेतिकडे जाऊन येतो, चित्रात त्याची सरासरी जागा उमटते, विचलन लहान दिसते आणि ताठरता जास्त येते. वरच्याच उदाहरणात १ मायक्रोमीटर व्यासाचा मणी पाण्यात असेल, तर त्याला केंद्राकडे परतण्यास लागणारा काळ सुमारे ०.१७ मिलिसेकंद असतो. त्यापुढे १० मिलिसेकंदांचे उद्भासन (एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा अवधी) किती मोठे आहे हे सांगायला नको. या दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्याने कधी कधी त्या एकमेकींना झाकतात आणि आकडा योगायोगाने बरोबर वाटतो.

म्हणून दुसरी पद्धत नेहमी जोडीला असावी. चार भागांच्या प्रकाशसंवेदकावर मण्याची जागा सेकंदाला काही दहा हजार वेळा नोंदवावी आणि तिचा शक्तिवर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती थरथर आहे याचा आलेख, काढावा. कमी वारंवारतेला हा आलेख सपाट असतो आणि एका विशिष्ट वारंवारतेनंतर तो खाली उतरू लागतो. त्या कोपऱ्याच्या वारंवारतेला दोन पायने आणि मण्यावरील घर्षणगुणांकाने गुणले की ताठरता मिळते. वरील मण्यासाठी हा कोपरा साधारण ९५० हर्ट्झवर यायला हवा. टेबलाचे कंपन या आलेखात वेगळी टोके म्हणून दिसते आणि ओळखता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

मात्र घर्षणगुणांक हा द्रवातून सरकणाऱ्या गोळ्यावरील घर्षण सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमातून काढलेला असतो, आणि तो नियम काचेपासून दूर असलेल्या गोळ्याला लागू पडतो. त्याच मण्याचा मध्य काचेपासून १ मायक्रोमीटरवर असेल, तर काचेला समांतर हालचालीसाठी घर्षण जवळजवळ १.४ पट होते. ही दुरुस्ती भिंतीजवळचे घर्षण देणाऱ्या फाक्सेनच्या सूत्राने करावी, किंवा अंशांकनापुरते मण्याला दूर न्यावे. दूर नेल्यास सापळ्याची ताठरताही बदलू शकते, याचे भान ठेवावे. पेशी साधारणपणे काचेवरच पसरलेली असते, त्यामुळे हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही.

तिसरी तपासणी म्हणून नमुना ठेवलेला सूक्ष्मदर्शकाचा मंच ठरावीक वेगाने सरकवावा. सेकंदाला १०० मायक्रोमीटर वेगाने पाणी वाहिले, तर वरच्या मण्यावर सुमारे ०.८४ पिकोन्यूटन बल येते आणि तो सुमारे १७ नॅनोमीटर सरकायला हवा. तिन्ही पद्धतींचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत जुळले, तर पेशीकडे वळावे. जुळले नाहीत, तर कारण सापडेपर्यंत पेशीला हात लावू नये. बल आणि विस्थापन यांचे सरळ प्रमाण केंद्राजवळच टिकते, म्हणून मणी त्या मर्यादेबाहेर गेलेली मोजमापे गाळावीत.

पेशीची काळजी

१०० मिलिवॅट प्रकाश एका मायक्रोमीटरच्या ठिपक्यात एकवटला, की तेथील तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी वॅटच्या वर जाते. १०६४ नॅनोमीटरला पाणी थोडाच प्रकाश शोषते, तरीही दर १०० मिलिवॅटमागे साधारण एक अंश सेल्सियस तापमान वाढते असे धरून चालावे. उष्णतेपेक्षा प्रकाशरासायनिक इजा अधिक त्रासदायक असते आणि तिच्यात ऑक्सिजनचा हात असतो. त्यामुळे शक्य तेथे पेशीला थेट न पकडता मण्याचा दांडा म्हणून उपयोग करावा, काम नसताना किरण झडपेने बंद ठेवावा आणि प्रत्येक पेशीवर एकूण किती वेळ प्रकाश पडला याची नोंद ठेवावी. एक नियंत्रण प्रयोग मी अनिवार्य मानतो: मण्याशिवाय तेवढीच शक्ती तेवढाच वेळ पेशीवर टाकावी आणि नंतर तिचा आकार, हालचाल व पटलाची अखंडता तपासावी. ती बदलली असेल, तर आपण पेशी नव्हे, तर तिची इजा मोजत आहोत.

पटलाचा ताण मोजणे

आता प्रत्यक्ष मोजमाप. मण्यांवर कॉनकॅनॅव्हॅलिन ए या प्रथिनाचा लेप द्यावा. ते पटलावरील शर्करायुक्त प्रथिनांना चिकटते. त्याऐवजी फायब्रोनेक्टिन हे प्रथिन वापरल्यास मणी पटलातील इंटिग्रिन या प्रथिनांमार्फत आतील पेशीकंकालाशी (पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनतंतूंच्या जाळ्याशी) जोडला जातो. तो निराळा प्रयोग आहे, म्हणून लेप अजाणता बदलू नये. मणी काचेला चिकटू नयेत यासाठी कक्षात आधी अल्ब्युमिन किंवा केसीन या प्रथिनाचे द्रावण फिरवावे.

एक मणी पकडून पेशीपासून दूर अंशांकन करावे. मग मंच हळूहळू सरकवून पेशी मण्याला टेकवावी, काही सेकंद थांबावे आणि सेकंदाला सुमारे १ मायक्रोमीटर वेगाने पेशी दूर न्यावी. मणी चिकटला असेल, तर बल आधी चढते, नंतर अचानक थोडे उतरते आणि पटलाचा एक बारीक धागा मण्यामागे ओढला जाऊ लागतो. धागा लांबत असतानाही बल जवळजवळ स्थिर राहिले पाहिजे, हीच धाग्याची ओळख आहे. लांबीबरोबर बल वाढत राहिले, तर मणी पेशीकंकालालाच धरून आहे. एकाहून अधिक धागे निघाले असतील, तर त्यातील एक तुटताना बल पायरीसारखे खाली येते. अशा नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. ओढणे थांबवून बल खाली स्थिरावेपर्यंत वाट पाहावी. अंतिम आकडा हाच, कारण ओढतानाच्या बलात पटल व कंकाल यांच्यातील घर्षण मिसळलेले असते.

स्थिर बलाचा वर्ग पटलाचा वाकमापांक (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) आणि ताण यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणजे एका बलातून दोन अज्ञात राशी काढता येत नाहीत. धाग्याची त्रिज्या वेगळी मोजता आली, तर बल आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला दोन पायने भागून वाकमापांक मिळतो. बल २० पिकोन्यूटन आणि त्रिज्या ५० नॅनोमीटर असेल, तर तो सुमारे १६० पिकोन्यूटन-नॅनोमीटर येतो. धागा प्रकाशीय विभेदनमर्यादेहून बारीक असल्यामुळे त्याची त्रिज्या चित्रावरून थेट मोजता येत नाही. पटलाला चमकणारा रंग देऊन धाग्याची एकूण चमक सपाट पटलाच्या चमकेशी ताडून पाहावी लागते.

यातून निघणारा ताण हा प्रत्यक्षात दोन गोष्टींची बेरीज असतो: पटलाचा स्वतःचा ताण आणि पटल कंकालाला चिकटून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. ही फोड करण्यासाठी लॅट्रन्क्युलिनसारख्या, कंकालातील ॲक्टिनचे तंतू मोडणाऱ्या औषधानंतर तोच प्रयोग पुन्हा करावा. बल किती खाली आले यावरून कंकालाचा वाटा कळतो. ही तुलना नसताना नुसत्या 'पटलताणा'विषयी लिहिणे मला अपुरे वाटते.

तांबडी रक्तपेशी ताणणे

शिकण्यासाठी तांबडी रक्तपेशी उत्तम आहे. तिला केंद्रक नसते, आत पेशीकंकालाचे गुंतागुंतीचे जाळे नसते, आणि तिची स्थितिस्थापकता मुख्यतः पटलाखालील स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळीतून येते. पेशीच्या समोरासमोरच्या कडांना दोन सिलिकाचे मणी चिकटवावेत, एक काचेला पक्का ठेवावा, दुसरा सापळ्यात धरावा आणि ताणत जाऊन लांबी व रुंदी दोन्ही मोजाव्यात. १९९९ साली याच प्रकारच्या प्रयोगातून पटलाचा कर्तन मापांक (क्षेत्रफळ न बदलता आकार बदलण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) दर मीटरला सुमारे २.५ मायक्रोन्यूटन इतका काढला गेला. पुढे मोठे मणी आणि अधिक शक्ती वापरून सुमारे २०० पिकोन्यूटनपर्यंत ताणण्याचे प्रयोग झाले आणि मलेरियाच्या परजीवीने ग्रासलेली पेशी किती ताठर होते हेही मोजले गेले. द्रावणाची क्षारता काटेकोर ठेवावी. ती थोडी ढळली तरी पेशी फुगते किंवा आकसते आणि मापांक बदलल्याचा खोटा भास होतो.

पेशीच्या आत मोजताना

पेशीतील चरबीचा कण किंवा गिळलेला मणी पकडून आतील द्रव्याची ताठरता काढता येते, पण पाण्यातले अंशांकन येथे चालत नाही. पेशीद्रव्याचा अपवर्तनांक पाण्याहून अधिक असल्याने सापळा दुबळा होतो. त्याहून गंभीर अडचण अशी, की जिवंत पेशीत इंधन जाळून चालणाऱ्या प्रथिनांमुळे मणी केवळ उष्णतेने हलत नाही. समविभाजनाचे गृहीतक तेथे मोडते. म्हणून सापळा ज्ञात वारंवारतेने आंदोलित करून मण्याचा प्रतिसाद मोजावा, त्यासोबत त्याची आपोआप होणारी थरथरही नोंदवावी, आणि दोन्ही जुळवूनच ताठरता ठरवावी. उच्च वारंवारतेला उष्ण हालचाल वरचढ असते, त्यामुळे हा ताळा तेथेच घ्यावा.

नोंदी आणि मोजणी

प्रत्येक मोजमापासोबत मण्याचा व्यास व लेप, नमुन्यापाशी मोजलेली शक्ती, काचेपासूनची उंची, तापमान, ओढण्याचा वेग आणि प्रकाशाचा एकूण कालावधी लिहावा. प्रक्रिया न केलेली मूळ नोंद जपावी, कारण घर्षणाची दुरुस्ती नंतर सुधारता येते, पण गाळून टाकलेला संकेत परत मिळत नाही. एका पेशीवर वीस वेळा धागा ओढला, तर ती वीस स्वतंत्र मोजमापे होत नाहीत. त्यांची सरासरी काढून एक पेशी म्हणून धरावी, आणि किमान तीन निरनिराळ्या दिवशी तयार केलेल्या नमुन्यांवर तोच प्रयोग करून दिवसादिवसांतला फरक पेशीपेशींतल्या फरकापेक्षा वेगळा दाखवावा.